अठरा हातांची तुळई

त्या वर्षी मी प्रार्थना रोज करत होते, पण ती ऐकणारा कुणी आहे असं मला वाटत नव्हतं. हे लिहायला आज लाज वाटते, कारण मी मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि लहान पोरींना गुडघे टेकायला मीच शिकवत होते. पण खरं ते सांगितलंच पाहिजे. ओठ हलत असायचे आणि लक्ष सगळं छपराकडे असायचं. डोळे मिटायच्या आधी वर पाहिलं की कौलांच्या फटीतून आभाळ दिसायचं, आणि मग डोळे मिटून तरी काय मागायचं असं होऊन जायचं.

आमचं देऊळ नागपुरात सक्करदऱ्याच्या वाटेवर, कोष्ट्यांच्या वस्तीला लागून होतं. आजूबाजूचे लोक त्याला गिरजा म्हणत, आम्ही देऊळच म्हणायचो. लहानसं, दगडचुन्याचं, साठ माणसं बसली की दाराशी उभं राहावं लागे. ते बांधलं तेव्हा मंडळीपाशी, म्हणजे देवळाच्या लोकांपाशी, पैसा नव्हता, अंगमेहनत होती. माझ्या बापाने त्याचा चुना मळला होता. बाप ख्रिस्ती झाला तेव्हा गावाने त्याला हाकलून दिलं आणि भावांनी नाव टाकलं. त्याआधी तरी कुठे मान होता म्हणा! गावच्या देवळाच्या पायरीवर पाय ठेवला म्हणून लहानपणी त्याने मार खाल्ला होता, आणि पाठीवरचा तो वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. आमच्यातल्या अर्ध्या घरांची हीच कथा. बायांना माहेर नाही, पुरुषांना भाऊबंद नाहीत. लग्न असो, बारसं असो, मयत असो, सारं त्या एका छपराखाली. "आपलं माहेर हेच वं पोरी," असं बाप म्हणायचा, आणि मरताना त्याने मला एवढंच सांगितलं होतं की छपराकडे लक्ष ठेव.

लक्ष ठेवूनही काय झालं? मागच्या पावसाळ्यात मधली तुळई तडकली. वाळवीने ती आतून पोकळ करून टाकली होती आणि वर तेलाचा हात दिलेला असल्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. मिशनचे मोठे साहेब पाहायला आले. त्यांनी काठीचं टोक टेकवलं तर ते चार बोटं आत गेलं. साहेब मनाने वाईट नव्हते, पण स्पष्ट बोलणारे. म्हणाले, मिशनपाशी पैसा नाही; मृग लागायच्या आत नवी तुळई बसली तर ठीक, नाहीतर माणसांच्या डोक्यावर पडण्याआधी इमारत उतरवून टाकू, आणि तुम्ही शहरातल्या मोठ्या देवळात उपासनेला या. मोठं देऊळ मी पाहिलं होतं. तिथली उपासना इंग्रजीत, आणि आमच्या लोकांची जागा शेवटच्या बाकाच्या मागे. आमच्या सोनाबाईला तिथे कुणी हात धरून नेलं असतं? आणि नेलं असतं तरी तिला काय कळणार होतं?

उपासना चालवणारे आमचे पाळकबाबा तेव्हा सत्तरीला आले होते. त्यांनी कुणाला भाषण दिलं नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनी कुंभाराकडून आणलेली लहान लहान मडकी देवळाच्या ओट्यावर मांडली आणि घरटी एक नेऊन ठेवा म्हणाले. रोज पीठ मळायच्या आधी एक मूठ ज्वारी त्या मडक्यात टाकायची, रविवारी मडकं देवळात रिकामं करायचं. मूठ घरातल्या कर्त्या बाईची, पोरासोरांची नाही. धान्य जमा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी जीभ तिखट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि माझ्यापुढे कुणी सबबी सांगत नसे. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की दोन आठवड्यांत सगळ्यांचा उत्साह मावळेल. गिरणीत राबणारी माणसं, बंगल्यांवरचे खानसामे, आया, दोन घरं विणकरांची. त्यांच्या स्वतःच्या डब्यात काय होतं ते मला माहीत होतं.

पण एकाही घरची मूठ चुकली नाही. एक आया बंगल्यावरच राहायची, तिथे तिची चूल नव्हती. ती आपल्या ताटातला भात मुठीएवढा कमी घ्यायची आणि तेवढ्या तांदळाचं मोल खानसाम्याकडून मागून आणायची. त्यावरून खानसाम्याशी तिची रोजची भांडणं. आणि सोनाबाई! सोनाबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यांत म्हातारी, नवरा-मूल कुणी नाही, डोळे जवळजवळ गेलेले. ती लोकांचं दळण दळून पोट भरायची. तिचं मडकं सगळ्यांत आधी भरलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, सोनाबाई, मूठ सांगितली आहे, ओंजळ नाही. तर म्हणाली की आंधळीला मूठ न् ओंजळ सारखीच. त्या बाईपुढे माझी तिखट जीभ कधी चालली नाही.

हिवाळ्यात कापणीचा सण आला. त्या दिवशी जो तो आपल्या घरचं काही ना काही देवापुढे आणून ठेवतो, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. कुणी कोंबडी, कुणी वांगी, कुणी विणलेला पंचा. आमच्याकडे रीत अशी की घेणाऱ्याने ती वस्तू पुन्हा देवालाच द्यायची, म्हणजे पुन्हा लिलाव. त्या वर्षी एक कोहळं बारा वेळा विकलं गेलं. यशवंत मिस्त्री, आमच्या मंडळीतला सुतार, लिलाव पुकारत होता आणि दरवेळी त्या कोहळ्याची नवी तारीफ करत होता. हसून हसून पोटं दुखली. तेवढ्यात भिवापूरकडून मिरचीची पोती घेऊन बाजारात चाललेली एक बैलगाडी बैलांना पाणी पाजायला आमच्या विहिरीपाशी थांबली, आणि वारा आमच्याकडे वळला. अख्खी मंडळी शिंकायला लागली, पाळकबाबांसकट. गाडीवान बिचारा ओशाळून हात जोडत आत आला. किसना त्याचं नाव. हे काय चाललंय म्हणून त्याने विचारलं, मिस्त्रीने सगळं सांगितलं. किसनाने कमरेची पिशवी काढली आणि बारावी बोली त्याची. मग इतरांचं पाहून त्यानेही कोहळं परत दिलं. जाताना त्याने मिस्त्रीला विचारलं, तुळई केवढी पाहिजे? मिस्त्री म्हणाला, अठरा हात. तेवढं ऐकून किसना गाडी हाकून निघून गेला.

मुठीच्या धान्यातून आणि लिलावातून चुना झाला, कौलं झाली, मजुरी निघण्यासारखी झाली. पण अठरा हात सागवानाचा भाव वखारीत ऐकला आणि मिस्त्री डोक्याला हात लावून परत आला. तेवढ्या लांबीचं लाकूड आम्हाला सात जन्मांत परवडलं नसतं. त्या आठवड्यात मी प्रार्थनेत पहिल्यांदा स्पष्ट मागितलं, देवा, अठरा हातांची तुळई दे. शब्द मोजून मागितलं, शाळेत पोरींना गणित घालावं तसं.

दहा-बारा दिवसांनी दुपारी मी देवळात एकटीच मडकी लावत होते. दारात किसना उभा. त्याने चपला काढल्या, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

"बाई, लाकूड भेटलं तुमाले," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. उमरेडच्या अलीकडे त्याचं गाव. तिथल्या मालगुजारांनी, म्हणजे गावच्या जमीनदारांनी, तीन वर्षांपूर्वी मारोतीच्या देवळाचा मंडप बांधायला घेतला आणि स्वतःच्या रानातला सागवान काढला. माप ठरलं एकवीस हात. ठरवलं ते म्हाताऱ्या सुताराने आपल्या लांब हाताने, आणि लाकूड कापलं ते त्याच्या बुटक्या जावयाने, आपल्या हाताने मोजून. तासून, चौकोनी करून, हळदकुंकू लावून, नारळ फोडून तुळई वर चढवायला गेले तर ती तीन हात आखूड! देवळाला दुसरी आणावी लागली. ही मात्र पडून राहिली, कारण देवाच्या नावाने संकल्प केलेलं लाकूड कुणी घराला लावत नाही आणि विकतही नाही. पुढे मालगुजार वारले. त्यांच्या बाईंना त्या लाकडाकडे पाहवेना. किसनाने आमचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, नेऊ दे त्यांना, मोल नको.

मी जे मागितलं होतं ते, जेवढं मागितलं होतं तेवढं, दारात येऊन उभं होतं. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "मारोतीच्या नावाचं लाकूड आम्हाला चालत नाही."

"मिस्त्रीले तरी इचारून पाहा ना, बाई."

"मी सांगते ते मंडळीचंच सांगणं समज."

तो चपला घालून गेला. मंडळीला मी काही विचारलं नव्हतं आणि पुढेही कुणाला काही बोलले नाही. मनाशी म्हटलं, आपण धर्म राखला. पण धर्माबिर्माचं काही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे बापाची पाठ होती. ज्या देवळाच्या पायरीवर त्याला मारलं, तसल्या देवळाचं उरलंसुरलं लाकूड आता उपकार म्हणून त्याच्याच डोक्यावर ठेवायचं? ते हे गाव नव्हतं, मला ठाऊक होतं. पण रागाला गावाचं नाव लागत नाही.

तीन आठवडे गेले. मिस्त्री रोज कुठल्या ना कुठल्या वखारीत जाऊन तोंड वाकडं करून परत येत होता. बायांच्या प्रार्थनासभेत एका दुपारी सोनाबाईने आपल्या साध्या बोलीत प्रार्थना केली. ती म्हणाली, "बापा, लाकूड तुह्यापाशी हाये. कोनं अडवून धरलं असंन तर त्याचं मन मऊ कर." तिला कसलीच कल्पना नव्हती, मी तिला चांगली ओळखते. तरीही मी गप्पच राहिले. माणूस किती हट्टी असू शकतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि तो माणूस मीच होते.

त्यापुढच्या रविवारी उपासना संपली आणि सोनाबाई शेजारणीचा हात धरून उभी राहिली. तिने आपलं जातं आणवलं होतं. दोन माणसांनी त्याचे दोन्ही दगड उचलून ओट्यावर ठेवले. याचा लिलाव करा म्हणाली, लाकडात घाला. ती जन्मभर त्याच जात्यावर जगली होती. मी पुढे झाले आणि जरा रागानेच विचारलं, मग तुम्ही खाणार काय?

"तुमी सगळ्या घालसान ना वं एक एक मूठ," ती म्हणाली.

लोक हसले. मी मात्र तिथेच ओट्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. किसना आला होता, लाकूड आहे, अठरा हात आहे, फुकट आहे, आणि मी ते परत पाठवलं. का पाठवलं तेही सांगितलं, बापाच्या पाठीसकट. मिस्त्रीने हातातली सुतळी जमिनीवर आपटली आणि "तीन हप्ते मी उन्हात वणवण करून राहिलो," एवढंच बोलून बाहेर निघून गेला. त्याचा राग रास्त होता. सोनाबाईने चाचपडत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता पाळकबाबा बोल लावतील.

"बाई, रडणं मागाहून," ते म्हणाले. "होळी दोन दिवसांवर आली, मग बैल भेटणार नाहीत. निघा."

मी, पाळकबाबा आणि मिस्त्री छकड्यातून निघालो. मिस्त्री पहिला दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी सोडली तेव्हा कांदा पुढे केला. त्याच्याजवळ देवळाच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मापून गाठ मारलेली सुतळी होती. ऐन होळीच्या दिवशी दुपारी आम्ही गावात शिरलो. मालगुजारांच्या घरासमोरच्या मैदानात होळी रचलेली होती, आणि तिच्या बुडाशी एक लांब, चौकोनी तासलेलं लाकूड होतं. किसना आम्हाला पाहून धावत आला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला.

आम्ही नाकारल्यावर गावातल्या जुन्या माणसांनी ठरवलं होतं की देवाचं लाकूड असं पडून राहणं बरं नाही, ते होळीला देऊन टाकावं. आता ते म्हणू लागले की होळीवर ठेवलेलं परत घरी नेत नाहीत. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी खरं होतं, मी काय तोंडाने वाद घालणार? एवढ्यात मालगुजारीणबाई दारात आल्या. माझ्याच वयाच्या असतील. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. मी त्यांच्या अंगणाच्या कडेलाच थांबले होते. कुणी अडवलं नव्हतं, पाय आपोआप थांबले, बापाचे थांबायचे तसे.

"आत या," त्या म्हणाल्या.

मी आत गेले. त्यांनी गडवाभर पाणी आणलं. मी सवयीने ओंजळ पुढे केली. त्यांनी वरून पाणी ओतलं नाही, गडवाच माझ्या हातात दिला. माझी तहान कुठल्या कुठे पळाली होती, तरी मी तो पूर्ण रिकामा केला.

मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमी नाही म्हटलं असं किसनानं सांगतलं. मले वाटलं, त्यायच्या लाकडाले देवच नाही म्हणून राहिला. दोन्ही देवळांनी परत केलं."

त्यायच्या म्हणजे त्यांच्या मालकांच्या. त्या बाईने माझं एक फटकळ वाक्य तीन आठवडे देवाचं वाक्य म्हणून छातीशी धरलं होतं. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी म्हणाले, "देव नाही म्हणाला नाही, बाई. मी म्हणाले. माझ्या मनात जुनी अढी होती. देवाने तर मागितल्या मापाचं दिलं होतं."

त्यांनी डोळे पुसले, मैदानात गेल्या आणि जुन्या माणसांना एवढंच म्हणाल्या की हे लाकूड कुणी घरी नेत नाही, देवाकडेच चाललं आहे. रचलेल्या गोवऱ्या हलवून गावच्याच गड्यांनी तुळई ओढून काढली. मिस्त्रीने सुतळी लावली. सुतळी संपली तेव्हा लाकूड वीतभर उरलं होतं, भिंतीत बसायला हवं होतं तेवढंच. मिस्त्रीने लाकडावर हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि त्या रविवारनंतर पहिल्यांदा हसला. दोन गाड्या एकामागे एक जोडून किसनाने ती तुळई आमच्या अंगणात आणून टाकली.

पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधी छप्पर चढलं. चुना मळायला सगळी मंडळी होती, शाळेतल्या मुलींसकट. बापाने जिथे मळला होता तिथेच मी मळला, हात भाजून निघाले. सोनाबाईचं जातं कुणी घेतलंच नाही. लिलावाची वेळ आली तेव्हा मिस्त्रीने बोली पुकारायला साफ नकार दिला. तुळईच्या खालच्या अंगाला कुंकवाचं एक पुसट बोट राहिलं होतं. रंधा मारून काढू का, असं त्याने मला विचारलं. मला विचारलं, हे विशेष. मी म्हटलं, राहू दे.

सणाच्या दिवशी मालगुजारीणबाई आल्या. किसनाच्या गाडीतून आल्या आणि पायरीपाशी थांबल्या. आत भजन चाललं होतं. म्हणाल्या, मी इथूनच पाहते, तुमच्याकडे चालतं की नाही मले माहीत नाही. आमच्या देवळाच्या पायरीवर त्या तशा अवघडून उभ्या, आणि मी आत. मला बाप आठवला. त्याची पाठ आठवली, पण पहिल्यांदाच त्या आठवणीबरोबर राग आला नाही. मी खाली उतरले, त्यांचा हात धरला आणि त्यांनी मला म्हटलेले दोनच शब्द त्यांना म्हटले, आत या. त्या सोनाबाईच्या शेजारी बसल्या, आणि उपासना संपेपर्यंत त्यांची नजर वरच्या तुळईवरून हलली नाही.

याला चमत्कार म्हणावं की नाही, ते मी ठरवत नाही. आमची तुळई तडकण्याच्या कितीतरी आधी एका बुटक्या माणसाने आपल्या हाताने लाकूड मोजलं आणि ते चुकलं, एवढंच मला ठाऊक आहे. त्या चुकीवर आमचं माहेर उभं आहे. देवा, तुझे उपकार मी कोणत्या तोंडाने मानू! तू दिलंस ते मी परत पाठवलं, आणि तू ते पुन्हा माझ्याच हाताने आणवलंस. मूठभर ज्वारी मी अजून रोज काढते. अजूनही मागते, मागायचं काही संपत नाही. पण कुणाच्या हातून पाठव, ते आता सांगत नाही.